आधी साहेबांना शिकवा

माणूस हा सुरक्षेच्या साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा आहे, असं सायबर सुरक्षेवरच्या जवळपास प्रत्येक सादरीकरणात सांगितलं जातं. पाठोपाठ उपाय येतो: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. व्हिडिओ कॉलवर दिसणारा चेहरा खरा की बनावट, हे ओळखायला त्यांना शिकवा. पापण्या लवतात का, ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा, समोरच्याला चेहऱ्यापुढे हात फिरवायला सांगा. मग तासाभराचा ऑनलाइन कोर्स, शेवटी चाचणी, पास झालात की प्रमाणपत्र, आणि ऑडिटच्या फाइलीत एक खूण.

या विचाराला माझा ठाम विरोध आहे. कर्मचाऱ्यांना शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. पण आज शिकवलं जातं ते चुकीच्या माणसाला, चुकीचं कौशल्य. आणि त्याचा एक परिणाम असा की पैसे गेले की खापर फोडायला एक नाव तयार असतं: याला तर आम्ही शिकवलं होतं, तरी हा फसला.

हे प्रशिक्षण विकताना ज्या प्रकरणाचा दाखला सर्वाधिक दिला जातो, त्याच प्रकरणाकडे बघू. जानेवारी २०२४. अरूप ही अभियांत्रिकी क्षेत्रातली नावाजलेली ब्रिटिश कंपनी. सिडनीचं ऑपेरा हाउस उभं राहिलं त्यात तिचा मोठा वाटा. तिच्या हाँगकाँग कार्यालयात अर्थविभागातल्या एका कर्मचाऱ्याला ब्रिटनमधल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने निरोप आला: एक गोपनीय व्यवहार करायचा आहे. कर्मचाऱ्याला संशय आला. हा मुद्दा वृत्तांतांत असतो, पण सादरीकरणांत घाईघाईने ओलांडला जातो. त्याला संशय आला होता. निरोप फसवा असावा, असं त्याला वाटलं होतं. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं. तिथे वित्त अधिकारी दिसले, ओळखीचे आणखी काही सहकारी दिसले, आणि संशय मावळला. त्याने पंधरा वेळा मिळून पाच बँक खात्यांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. तेव्हाच्या दराने दोनशे कोटी रुपयांहून जास्त. नंतर मुख्य कार्यालयाकडे चौकशी केली तेव्हा कळलं की त्या कॉलवर त्याच्याखेरीज खरा माणूस कुणीच नव्हता. कंपनीच्या संगणक यंत्रणेत कुणी घुसलेलं नव्हतं. सगळं काम बोलण्यातून झालं होतं.

मग या कर्मचाऱ्याला कुठलं प्रशिक्षण कमी पडलं? लेखी निरोपावर विश्वास ठेवू नये, हे तो शिकलेला होता. खात्री करून घ्यावी, हेही त्याला कळत होतं. समोर चेहरे आले तेव्हा खात्री झाली, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटायला आपणच लावलं होतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला जर्मनीतल्या मूळ कंपनीच्या वरिष्ठांच्या आवाजाची नक्कल करून फसवलं गेलं आणि २ लाख २० हजार युरो गेले. त्यानंतर आवाजावर विसंबू नका, व्हिडिओवर तोंड बघून घ्या, असं सांगणारे थोडे नव्हते. करोनाच्या काळात तर व्हिडिओवर दिसणं हाच हजेरीचा, ओळखीचा आणि विश्वासाचा पुरावा झाला. हाँगकाँगच्या चोरांनी कर्मचाऱ्याच्या सावधपणावर मात केली नाही. तो सावधपणा जिथे जाऊन थांबतो, नेमकं तिथे ते आधीच जाऊन बसले होते.

याच प्रकरणातली दुसरी बाब मला जास्त अस्वस्थ करते. हाँगकाँग पोलिसांनी सांगितलं की त्या कॉलमधल्या चित्रफिती, सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेलं चित्रीकरण वापरून, बहुधा आधीच तयार केलेल्या होत्या. कर्मचाऱ्याला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं गेलं. पुढे त्याच्याशी खरा संवाद असा झालाच नाही. वरिष्ठांनी आदेश दिले आणि बैठक संपली. म्हणजे दोनशे कोटींची ही फसवणूक एका एकतर्फी बैठकीवर उभी होती: वरचे बोलणार, खालचा ऐकणार, आणि प्रश्न विचारायच्या आत कॉल बंद होणार. अशी बैठक त्याला विचित्र का वाटली नाही? आपल्या कार्यालयांतल्या किती बैठका याहून वेगळ्या असतात? बनावट बैठक खऱ्यासारखी वाटली, यात तंत्रज्ञानाची करामत होतीच. पण खऱ्या बैठका तशाच होतात, म्हणून ती करामत पुरेशी ठरली.

आता डोळ्यांच्या तालमीविषयी. नील्स कोबिस आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना खऱ्या आणि बनावट चित्रफिती दाखवल्या. लोकांना फरक भरवशाने ओळखता आला नाही. विषयाचं गांभीर्य पटवून दिलं, अचूक उत्तराला पैशांचं आमिष ठेवलं, तरी अचूकता वाढली नाही. आणि आपल्याला ओळखता येतं, असा त्यांचा समज मात्र प्रत्यक्षातल्या कामगिरीपेक्षा मोठा होता. हा समजच घातक आहे. ज्याला काहीच ओळखता येत नाही आणि ते ठाऊक आहे, तो फोन ठेवून दुसरीकडे विचारेल. पापण्या बघायला शिकलेला माणूस पापण्या बघेल, त्या नीट लवताना दिसतील, आणि तो निश्चिंतपणे पैसे पाठवेल. शिवाय हे सगळे तपास तात्पुरते आहेत. चेहऱ्यापुढे हात नेल्यावर चित्र फाटतं, ही आजची खूण उद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये राहणार नाही. कोर्स मात्र वर्षातून एकदा बदलतो, तोही बदलला तर.

ईमेलच्या बाबतीत या पद्धतीचा हिशेब आता हाती आला आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत साडेएकोणीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने अभ्यास झाला. बनावट फसवे मेल पाठवून, फसणाऱ्यांना तिथेच धडा देऊन पाहिलं. प्रशिक्षण मिळालेल्यांच्या फसण्याच्या प्रमाणात पडलेला फरक सरासरी १.७ टक्के. बहुतेकांनी तो धडा मिनिटभरही उघडा ठेवला नव्हता. झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेला, चौदा हजारांवर कर्मचाऱ्यांचा पंधरा महिन्यांचा अभ्यास तर म्हणतो की अशा धड्यांनी लोक अधिक सहज फसण्याचीही शक्यता असते. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट चांगली चालली: संशयास्पद मेल कळवण्यासाठी दिलेलं एक साधं बटण. लोकांनी ते वापरलं आणि दीर्घकाळ वापरत राहिले. ईमेलचे निष्कर्ष व्हिडिओ कॉलला जसेच्या तसे लागू होतील, असा माझा दावा नाही. पण शांतपणे पुन्हा वाचता येणाऱ्या मेलवर जे जमलं नाही, ते समोर साहेब बोलत असताना, कॅमेरा सुरू असताना जमेल, असं मानायला आधार काय?

नोबीफोर ही अमेरिकी कंपनी याच क्षेत्रातली. जगभरच्या कर्मचाऱ्यांना सावधपणाचे धडे देणं हा तिचा व्यवसाय. जुलै २०२४ मध्ये तिने स्वतःहून जाहीर केलं की तिने नोकरीवर घेतलेला एक सॉफ्टवेअर अभियंता प्रत्यक्षात उत्तर कोरियाचा हस्तक निघाला. चोरलेली अमेरिकी ओळख, एआयने बदललेलं छायाचित्र, आणि व्हिडिओवर झालेल्या चार मुलाखती. चारही मुलाखतींत तो पास झाला. कंपनीने पाठवलेला संगणक हाती येताच त्याने त्यात घातक सॉफ्टवेअर भरायला सुरुवात केली, तेव्हा सुरक्षा यंत्रणेने त्याला पकडलं. नव्या माणसाला फार थोडे अधिकार द्यायचे, हा नियम असल्यामुळे नुकसान झालं नाही. हे उघडपणे सांगितल्याबद्दल त्या कंपनीचा मी आदर करतो. पण या विषयात मुरलेल्या लोकांनाही चार भेटींत चेहऱ्यावरून जे कळलं नाही, ते आपण अकाउंट्स विभागात बसलेल्या, महिनाअखेरीच्या कामात बुडालेल्या मुलीला एका तासात शिकवणार आहोत का? तिथे कंपनीला वाचवलं ते नियमाने.

मुळात चेहऱ्याचा प्रश्न दुय्यम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला एक कोटी रुपयांहून अधिक रकमेला फसवलं गेलं, तेव्हा ना चेहरा लागला ना आवाज. मुख्याधिकारी अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर संदेश आला, ताबडतोब पैसे पाठवा म्हणून, आणि पैसे गेले. तो संदेश कंपनीच्या एका संचालकाला आला होता, एखाद्या नवख्या कारकुनाला नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून सात कोटी उकळले गेले. व्हिडिओ कॉलवर सीबीआयचे अधिकारी, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी, आणि न्यायासनावर तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं नाव घेतलेला कुणीतरी. ओसवाल यांनी हे स्वतः पुढे येऊन सांगितलं, आणि ते धैर्याचं काम होतं. हजारो माणसांचा कारभार पाहिलेला उद्योजक, पण त्याच्याही वर बोलणारी सत्ता समोर उभी केली की तोही थबकला. या दोन्ही प्रकरणांत चालला तो हुकूम आणि घाई यांचा जोर. चेहरा हे त्या हुकुमाला चढवलेलं वस्त्र आहे. वस्त्र ओळखायचं शिकवून हुकुमाची भीती जात नाही.

ती भीती कुठून येते, हे कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा निरोप येतो: ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, एवढं पेमेंट आज गेलंच पाहिजे, कागद सोमवारी बघू.’ हा निरोप चोरांनी शोधून काढलेला नाही. खरे साहेब असे निरोप देतात. नियम मोडून केलेलं काम ‘पोरगा हुशार आहे, अडवत नाही’ म्हणून वाखाणलं जातं, आणि ‘सर, मेलवर मंजुरी मिळेल का?’ विचारणारा अडेलतट्टू ठरतो. वर्षभर साहेब स्वतःच्या वागण्यातून जे शिकवतात, ते तासाभराच्या कोर्सने पुसलं जात नाही. चोर फक्त त्या सवयीचा लाभ घेतो. म्हणून प्रशिक्षणाची पहिली खुर्ची साहेबांची असली पाहिजे.

जुलै २०२४ चा फेरारीचा किस्सा या विषयावर नेहमी सांगितला जातो. मुख्याधिकारी बेनेदेत्तो विन्या यांच्या नावाने एका अधिकाऱ्याला संदेश आले, मग फोन आला. आवाज, दक्षिण इटलीची बोलण्याची ढब, सगळं हुबेहूब. अधिकाऱ्याने विचारलं, काही दिवसांपूर्वी तुम्ही मला कुठलं पुस्तक वाचायला सुचवलं होतं? फोन बंद झाला. हा किस्सा त्या अधिकाऱ्याच्या चातुर्याचा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. आपल्या मुख्याधिकाऱ्याला, तो खरा असण्याची पूर्ण शक्यता असताना, ‘आधी तुमची ओळख पटवा’ असं तो म्हणू शकला. फोनवर खरे विन्या असते, तर त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं असतं आणि काम पुढे गेलं असतं. हा भरवसा त्याला होता. आपल्याकडे किती व्यवस्थापकांच्या हाताखालची माणसं हे बोलू शकतील? ज्या कंपनीत बोलू शकणार नाहीत, तिथे प्रश्नांची यादी पाठ करवून काय उपयोग?

वरिष्ठाला प्रश्न विचारता आला पाहिजे, हा धडा विमानवाहतुकीने फार मोठी किंमत मोजून घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानं आदळून ५८३ माणसं मेली. केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नाही. त्याने विचारलंही. कॅप्टनने ठामपणे ती शंका उडवून लावली. हा कॅप्टन कंपनीचा नामवंत प्रशिक्षक होता. त्याच्यापुढे पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. अशा अपघातांनंतर जे प्रशिक्षण उभं राहिलं, ते फक्त कनिष्ठांना ‘धीट व्हा’ सांगणारं नव्हतं. शंका ऐकून घेणं हे कॅप्टनचं कर्तव्य ठरवलं गेलं, आणि त्याचीही तालीम घेतली गेली. कॉकपिटमधला सर्वांत ज्येष्ठ माणूस वर्गात बसला, म्हणून बाकीच्यांचं बोलणं शक्य झालं.

कार्यालयांत याची तालीम कशी असावी? आज सुरक्षा विभाग चोरून सापळे लावतो आणि फसणाऱ्यांची यादी काढतो. त्याऐवजी खऱ्या व्यवस्थापकीय संचालकांनी खरोखरच्या व्हिडिओ कॉलवर यावं, अर्थविभागातल्या कुणाला तरी घाईने, दरडावून पैसे पाठवायला सांगावं, आणि समोरच्याने म्हणावं: ‘सर, मी कॉल बंद करतो आणि कंपनीत नोंदवलेल्या तुमच्या नंबरवर फोन लावतो.’ मग त्याने खरंच कॉल कापावा, कंपनीच्या यादीतला नंबर लावावा, आणि सगळ्यांसमोर साहेबांनी त्याला शाबासकी द्यावी. अशी तालीम झाल्यावर कर्मचाऱ्याला पापण्या बघाव्या लागत नाहीत. समोरचा खरा असो वा खोटा, करायचं तेच. संशय आला तरच खात्री करा, हा सल्लाच मुळात चुकीचा आहे, कारण चांगल्या फसवणुकीत संशय येत नाही.

आपल्या बँकिंग व्यवस्थेला हे पूर्वीपासून कळतं. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हा मेकर-चेकरचा रिवाज कुणाच्या प्रामाणिकपणावरचा अविश्वास मानला जात नाही. साध्या गृहनिर्माण सोसायटीच्या चेकवरही एकट्याची सही चालत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून केवायसीला परवानगी दिली, तेव्हा बँक अधिकाऱ्याला चेहरा दिसला म्हणजे पुरे, असं म्हटलं नाही. ओळखीची कागदपत्रं स्वतंत्रपणे पडताळायची, ग्राहक भारतातच आहे याची स्थळनोंद घ्यायची, आणि लेखापरीक्षण झाल्याशिवाय खातं चालू करायचं नाही, अशा अटी घातल्या. बचत खातं उघडताना एका अधिकाऱ्याची नजर पुरत नाही, तर कोट्यवधी रुपये पाठवताना ती पुरेल असं मानणाऱ्या कंपन्यांनी याचा विचार करावा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, की बनावट चेहरा पकडणारं सॉफ्टवेअर घेऊ, प्रश्न मिटेल. जरूर घ्या. पण सीरमच्या प्रकरणात चेहराच नव्हता, आणि सॉफ्टवेअरने हिरवा दिवा दाखवला की माणूस आपली उरलीसुरली शंकाही सोडून देईल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: प्रत्येक वेळी कॉल कापून परत फोन लावला, तर कामं खोळंबतील. हे प्रत्येक कॉलला करायचं नाही. नवं बँक खातं, ठरावीक रकमेवरचं पेमेंट, पासवर्ड किंवा ओटीपी, स्क्रीन शेअर करून कुठलं ॲप उघडायला सांगणं, एवढ्याच वेळी करायचं. परत लावलेल्या फोनला पाच मिनिटं लागतात. ज्या धंद्यात पाच मिनिटांनी सौदा मोडतो, तसा धंदा मला तरी ठाऊक नाही. ‘आत्ताच्या आत्ता’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सौद्यावर नव्हे, तुमच्यावर दबाव आणत असतो.

कामाच्या वेगाचा खरा ताण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिथे आपली मुलं बसलेली आहेत. हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या इमारतींतून परदेशी कंपन्यांचे हेल्पडेस्क चालतात. पासवर्ड विसरलेल्या, फोन हरवलेल्या अनोळखी माणसाला पुन्हा आत घेण्याचा अधिकार रात्रपाळीतल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या एजंटच्या हाती असतो. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोर दुसऱ्याचं सोंग घेऊन, एका बाहेरच्या सेवादार संस्थेच्या वाटेने आत शिरले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी तिथल्या संसदीय समितीला सांगितलं. नफ्याला बसणारा फटका कंपनीने सुमारे ३० कोटी पौंडांचा धरला. हेल्पडेस्कच्या एजंटला प्रशिक्षणात सांगतात, ओळख पक्की करा. महिन्याच्या शेवटी त्याचं मूल्यमापन मात्र एका कॉलला सरासरी किती वेळ लागला आणि ग्राहकाने किती तारे दिले, यावर होतं. ओळख पटेना म्हणून ज्याने एखाद्या चिडलेल्या ‘व्हाइस प्रेसिडेंट’ला परत पाठवलं, त्याचे दोन्ही आकडे बिघडतात. या मुलाला आणखी एक कोर्स देणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. खातरजमेसाठी लांबलेला कॉल सरासरीतून वगळा, आणि अशा कॉलवरची ग्राहकाची तक्रार त्याच्या नावावर लावू नका.

फसल्यानंतरचंही शिक्षण आहे, आणि ते शिक्षेच्या भीतीने मारलं जातं. जुलै २०२३ मध्ये कोझिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा चेहरा व्हिडिओ कॉलवर दिसला आणि त्यांनी ४० हजार रुपये पाठवले. आणखी पैसे मागितले गेले तेव्हा त्यांनी त्या सहकाऱ्याला त्याच्या मूळ नंबरवर फोन केला आणि लगेच तक्रार नोंदवली. पैसे महाराष्ट्रातल्या एका बँक खात्यात गेले होते. केरळ पोलिसांनी ते गोठवून परत मिळवले. मार्च २०२५ मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीच्या वित्त संचालकाने बनावट झूम बैठकीनंतर सुमारे पाच लाख अमेरिकी डॉलर पाठवले. वेळेत वाचा फोडल्यामुळे तेही परत आले. आपल्याकडे १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक याचसाठी आहे, आणि तिथे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. ‘मी फसलो’ हे त्या तासांत कोण सांगेल? ज्याची नोकरी त्या वाक्याने जाणार नाही, तोच.

म्हणून कुठल्याही कंपनीने पुढच्या प्रशिक्षणाची निविदा काढण्याआधी एक पत्र काढावं, आणि त्यावर सर्वांत वरच्या अधिकाऱ्याने स्वतः सही करावी. मी व्हिडिओवर दिसलो, माझा आवाज ऐकू आला, मी रागावलो, तरी नव्या खात्यात पैसे पाठवायचे नाहीत. आधी कॉल बंद करून माझ्या नोंदवलेल्या नंबरवर फोन लावायचा. असं केल्यामुळे काही नुकसान झालं, तर ती जबाबदारी माझी. आणि फसवणूक झाल्याचं लक्षात येताच कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. हे पत्र अर्थविभागापुरतं ठेवू नये. ते स्वीय सहायकांना, एचआरमधल्या मुलाखतकारांना, शाखांच्या रोखपालांना आणि कंत्राटावरच्या हेल्पडेस्कलाही जावं, त्यांच्या त्यांच्या भाषेत. आणि ते मोडून पहिल्यांदा तातडीचं पेमेंट मागणारा वरिष्ठ खरा निघाला, तर जाब त्याला विचारला जावा.